विहिरीजवळची हरळी

मखमलाबाद, नाशिक
१४ नोव्हेंबर १९९९

गोरक्षा,

तुझी आजी अजून आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला लावलं, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

अक्षर ओळखलं असशील. तुझ्या आईचं आहे. सातवी शिकलेली सून केली तेव्हा भावकी मला हसली होती, आता बघ कामाला आली. मी ओट्यावर बसून सांगते, नवसा लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. तेवढी तिची शाळा तिला राहू दे म्हटलं. पण मी सांगितलेलं गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही, असं ठरलं आहे. मला कुठे वाचता येतं? म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी पोस्टातल्या देवरामकडून सगळं वाचून घेणार आहे. हे ऐकून ती हसली. लिही गं, हसलीस तेही लिही.

तुझं पत्र आलं, फोटो आला. पत्र नुसतं मला. 'आजीस' म्हणून सुरू, 'तब्येत जप' म्हणून संपलं. मधे कुठे आई नाही, बाप नाही, नानांचं नावसुद्धा नाही. ते मला वाचून कोणी दाखवलं असेल? तिनेच. स्वतःचं नाव कुठे येत नाही तरी न अडखळता वाचलं. मी पुन्हा वाच म्हटलं, तिने पुन्हा वाचलं.

फोटोत तू गुडघ्यावर बसून गवतात डोकं घातलं आहेस, हातात भिंग. कुसाबाई निंदायला आली होती, तिला दाखवला. ती म्हणाली, "आजी, पोरगं आपल्यावानीच बसलंय की. ह्याचं खुरपं कुठं ठुलं?" बाया मग दिवसभर हसत होत्या. राग मानू नकोस. त्यांचा जन्म त्याच बैठकीत गेला, कोणी फोटो काढला नाही.

तू लिहिलंस की तिथल्या विद्यापीठात नुसत्या गवताचं शिक्षण आहे. मातीचा मास्तर वेगळा, किडीचा वेगळा, रोगाचा वेगळा. गवत वाळूत लावतात, बोटाच्या पेराएवढंसुद्धा वाढू देत नाहीत, रोज कापतात, आणि त्यावरून माणसं काठीने चेंडू ढकलतात. एवढं गवत आणि एक म्हैस नाही. मी तुझ्या काकाच्या वाल्मीकला विचारलं, कापलेल्याचं काय करतात रे? तो म्हणाला, टाकून देत असतील. हे गोठ्याजवळ कोणी बोलायचं नाही, असं मी घरात सांगून ठेवलं आहे.

आता खरं सांगायचं ते. विहिरीजवळ तू परीक्षेसाठी लावलेले गवताचे वाफे तुझ्या माघारी निंदून टाकले. संध्याकाळी तू आलास तेव्हा वाफे साफ, आणि तुझ्या नंबराच्या पत्र्याच्या पाट्या नानांच्या हातात. तू विचारलंस, "कोणी केलं?" ते म्हणाले, "मी केलं. माझं रान हाय." तू पिशवी उचललीस. इथलं विद्यापीठ सोडलंस, बंगळूरला गेलास, तिथून त्या गवताच्या गावी. चुकलं ते चुकलंच. पण ह्या घरात हरळी दिसली की हात आपोआप जातो, डोळ्यात कचरा गेल्यावर जातो तसा. ती हरळीच तू ओळीने लावलीस आणि तिला पाणी दिलंस. चोराला पाटावर बसवून वाढावं तसं ते आम्हाला वाटायचं.

नानांच्या गालात आतून गाठ आली आहे. तंबाखूची आहे म्हणतात. तंबाखू आता सोडली; गाठीला ते कोणी सांगितलेलं दिसत नाही. बोलणं अजून चांगलं आहे, म्हणून आता लिहिते. एकदा ये. बापाशी तोंडाने बोल, भांडलास तरी चालेल. त्यांचं तोंड आहे तोवर ये.

अंगठा माझा आहे. शाई नवसाच्या पदरालाही लागली, तिचंही काहीतरी कागदावर यायला बघतंय.

तुझी आजी, तानुबाई


५ मार्च २०००

गोरक्षा,

तुझं उत्तर मिळालं. सत्र चालू आहे, प्रयोगाचं गवत सोडून येता येत नाही, असं लिहिलंस. बरोबर आहे, गवत सोडून गेलं की काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत?

तुझ्या गवताला रुपयाएवढे गोल डाग पडतात आणि त्या रोगाला तिथल्या पैशाचंच नाव आहे, हे वाचून नाना पहिल्यांदा हसले. त्यांना कोणी वाचून दाखवलं नाही. नवसा मला वाचत होती आणि ते दारात बैलाची दोरी वळत बसले होते. वळलेलीच दोरी उकलून पुन्हा वळत होते, पत्र संपेपर्यंत. मग म्हणाले, "आपल्याकडं पिकाला भुरी, त्याच्याकडं रुपाया. पोरगं ह्यातबी फायद्यात." तुझ्याबद्दल ते थेट विचारत नाहीत. तू गवतात डोकं घातलंस म्हणून 'म्हशीचं पत्र आलं का', असं विचारतात.

फोटो माझ्याकडे नाही. त्यांच्या खिशात आहे. पहाटे सराफ बाजारातल्या फुलबाजारात झेंडू घेऊन जातात तेव्हा बरोबर नेतात. वाल्मीक सांगत होता, एका फुलवाल्याने विचारलं, "पोरगं काय शिकतंय, नाना?" तर म्हणाले, "शेतीचं." दुसऱ्याने विचारलं, "शेतीचं म्हंजी काय?" नाना म्हणाले, "गवत." सगळे हसले. नानाही हसले. पण फोटो परत खिशात घालताना गुंडी लावली, असं वाल्मीक म्हणाला.

गाठ कापायची ठरली आहे. गालाबरोबर जबडाही थोडा जाईल. डॉक्टर म्हणाले, नंतर बोलणं कसं राहील सांगता येत नाही. म्हणून त्या रविवारी वाल्मीकच्या घरून तुला फोन लावला होता. मी बोलले, तू बोललास, चांगलं चाललं होतं. मग मी नानांच्या हातात दिला. ते काय बोलावं ते जुळवत होते, नुसते खोकले, आणि तू ठेवून दिलास. ते बराच वेळ कानाला धरून उभे होते. वाल्मीकच्या बायकोला वाटलं तू बोलतो आहेस. तिने खुणेने पोरांना गप्प बसवलं.

तुझी आजी


९ सप्टेंबर २०००

गोरक्षा,

घरोघरी गणपती बसले आहेत, म्हणजे आमच्या हरळीला वर्षातून एकदा मान आला. वर्षभर जिला शिव्या देऊन बांधावर फेकतो, तिचीच जुडी बांधून बाजारात दूर्वा म्हणून देतो आणि लोक हात जोडून घेतात. तुझ्या मास्तरांना विचार, असं दुसरं कुठलं पीक आहे का.

नानांना आता रानातलं काम होत नाही. अर्धा जबडा गेला आहे. पातळ पेज कडेने ओततात. बोलतात ते नवसाला कळतं, मला अर्धं कळतं, बाहेरच्याला काही नाही. पण जुड्या त्यांनी बांधल्या. बांधता बांधता काहीतरी म्हणाले. नवसाने मला उलगडून सांगितलं: "त्याच्या वाफ्यातल्या दूर्वा लांब होत्या." इतक्या वर्षांत तुझ्या वाफ्यांचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

हे सांगून झाल्यावर तुझ्या मागच्या पत्राचं सांगते. तू लिहिलंस, 'नानांना उपटायची हौस आहे, त्यांच्या गालातलंही उपटून झालं असेल.' नवसा त्या ओळीवर आली आणि अडली. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "अक्षर लागत नाही." तुझं अक्षर छापल्यासारखं असतं. मी पत्र देवरामकडे नेलं. त्याने वाचलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तो बिचारा पोस्टाचा माणूस, त्याचा काय दोष?

मी तुला रागावणार नाही. माझं वय झालं, राग मला पचत नाही. तुझ्या लहानपणी तुझ्या दुधाच्या दाताला नानांनी दोरा बांधला होता आणि ओढायचा त्यांना धीर झाला नाही, एवढं फक्त सांगते. दोरा तोंडात घेऊन तू शाळेत गेलास.

नवसाला म्हटलं, हे सगळं लिहिलंस ना? ती मान हलवते. देवराम काय ते सांगेलच.

तुझी आजी


२२ जानेवारी २००१

गोरक्षा,

पत्र नाही, फोन उचलत नाहीस. तिकडे बर्फ पडतो आणि गवत झोपतं असं तूच लिहिलं होतंस. तूही झोपला असशील.

गाठ परत आली. ह्या वेळी कापायचं नाही म्हणाले, घरी न्या म्हणाले. डॉक्टर इतकं गोड बोलले की मला तिथेच कळलं. नानांचा आवाज गेला. आता नुसता हात हलतो. फोटो उशाखाली आहे. तुझ्या भिंगावर त्यांच्या बोटाने पांढरा डाग पडला आहे.

ये म्हणायचा आता मलाच कंटाळा आला आहे. तरी लिही गं नवसा. ये.

तुझी आजी


१८ मे २००१

गोरक्षा,

हे पत्र नीट बसून वाच. आधी दार लावून घे.

काल कुसाबाई नानांना बघायला आली होती. खाटेशी बसली, रडली, आणि रडता रडता म्हणाली, "देवमाणूस. माझ्यापायी पोराला मुकला." मी म्हटलं, "तुझा काय संबंध गं?" ती म्हणाली, "आजी, त्या दिशी नाना तर बाजारात होते. आमाला वयनींनी सांगितलं व्हतं."

मी नवसाकडे बघितलं. तिने नानांचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

आता मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे. मधे थांबली होती. म्हणाली, "आत्याबाई, हे मी कसं लिहू?" मी म्हटलं, "जसं बाकीचं लिहिलंस तसं. 'आहे'ला 'आहे'."

तर ऐक. दुसऱ्या दिवशी ओझरचे पाहुणे तुला बघायला येणार होते. मुलीचा बाप विमानाच्या कारखान्यात, कपड्याला इस्त्री असलेली माणसं. त्यांची खाट विहिरीजवळ आंब्याखाली टाकायची होती आणि समोर तुझे वाफे. विहिरीजवळ हरळी दिसली की पाहुणे घरच्या बाईला नावं ठेवतात, हे तुला कोणत्या विद्यापीठात शिकवलं नसेल, पण नवसाला ते लग्नाआधीच शिकवलं होतं. तुझं गवत मोडावं असं तिच्या मनात नव्हतं; तू ओळीने लावलंस म्हणजे त्या हरळीत काहीतरी चांगलंही असणार, असं तिला वाटलं. तिने कुसाबाईला सांगितलं, "हरळी तेवढी काढा. गोरक्षचं चांगलं गवत आहे, त्याला हात लावू नका." कुसाबाई आणि तिच्या बाया एकेका वाफ्यात चांगलं गवत शोधत बसल्या. त्यांना ते सापडलं नाही. त्यांना सगळीकडे हरळीच दिसली. एक काडीसुद्धा वेगळी दिसली असती तर ठेवली असती, असं कुसाबाई काल शपथेवर म्हणाली.

नाना बाजारातून आले तेव्हा झालं होतं. त्यांनी उकिरड्यातून तुझ्या पाट्या वेचल्या. त्या हातात होत्या तेव्हाच तू आलास. 'मी केलं' म्हणाले ते तिथल्या तिथे सुचलं म्हणून. गोठ्यात जाऊन नवसाला म्हणाले, "तू बोलू नको. माझ्यावर चिडला तर आठ दिसांनी येईल. तुझ्यावर चिडला तर घरी यायला त्याला कोन राहील?"

आठ दिवसांचा त्यांचा हिशेब चुकला. बाजाराचा भाव त्यांना बरोबर कळायचा, पोराचा कळला नाही.

पाहुणे दुसऱ्या दिवशी आले होते. पोहे खाल्ले, विहिरीजवळ फिरले. मुलीचा बाप म्हणाला, "रान काय स्वच्छ ठेवलंय." मग विचारलं, "मुलगा कुठाय?"

मी नवसाला काही बोलले नाही. इतकी वर्षं माझी पत्रं लिहिताना, तुझी वाचताना ती काय गिळत होती, ते माझं मी बघितलं. मला आंधळीला अक्षर दिसत नव्हतं, तिचं तोंड तर दिसत होतं. तेही वाचता आलं नाही.

नानांचे दिवस थोडे आहेत. तुझा आवाज ऐकू येईल त्यांना, कान चांगले आहेत. येऊन एवढंच म्हण, 'नाना, मला कळलं.' विमानाने माणूस दोन दिवसांत येतो म्हणतात.

खाली जागा सोडली आहे. नवसाला म्हटलं, तुझं काय ते तू लिही, ह्यातलं देवरामकडून मी वाचून घेणार नाही.

तुझी आजी

गोरक्ष, पाट्या माझ्याकडे आहेत. धुऊन ठेवल्या आहेत. — आई


२६ ऑगस्ट २००१

गोरक्षा,

नाना आषाढात गेले. सकाळी, पेज निवत ठेवली होती तेव्हा. अग्नी वाल्मीकने दिला. तुला फोन केला, तिकडून कोणी बाई इंग्रजीतून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. वाल्मीक म्हणाला, ती बाई नाही, मशीन आहे. हा नंबर आता नाही म्हणते.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. तिथे कावळ्यांना काय तोटा? एरवी हातातलं ताट नेतील. भाताचा पिंड ठेवला आणि सगळे लांब झालो. कावळे भिंतीवर ओळीने बसले, जेवून आलेल्या व्याह्यांसारखे. एक खाली उतरेना. वाल्मीक पुढे झाला, हात जोडले, म्हणाला, "नाना, रान इकणार नाय." काही नाही. भावकीतल्या एकाने म्हटलं, "आईला सांभाळू." मी म्हटलं, माझं नाव नको घालू, मला बघून तो मुळीच यायचा नाही. शेवटी वाल्मीक म्हणाला, "गोरक्षला आणतो, नाना." एक कावळा खाली आला. पिंडाजवळ उभा राहिला, मान वाकडी करून वाल्मीककडे बघितलं आणि उडून गेला. माझ्या चिमाला, म्हणजे तुझ्या नानांना, आमचं खोटं लहानपणापासून कळायचं.

मग नवसा गेली. सगळ्या भावकीदेखत म्हणाली, "अहो, मी त्याला सगळं लिहिलं. त्याला कळलं आता. तुम्ही जा." तिथे ऊन होतं आणि पायाखालचा दगड तापला होता. ती अनवाणी तशीच उभी राहिली. कावळा आला नाही.

शेवटी भटजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, वळल्या, गाठ मारली आणि त्याचा कावळा केला. गवताचा कावळा. तो पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं, चला. तुझ्या गवताच्या शाळेत हे शिकवलं का? खरा येत नसेल तर गवताचा करतात, आणि चालतो. मी भटजींना विचारलं, गवताचा पोरगा करता येतो का? मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "येतो, आजी. पण तो पोरगा जिवंत असताना करत नाहीत."

ह्या सोमवारी देवराम आला. त्याच्या हातात आमचं मे महिन्यातलं पत्र होतं, कडा मळलेल्या, वर शिक्के आणि 'पाठवणाऱ्याकडे परत' म्हणून बोट दाखवणारा जांभळा हात. देवराम म्हणाला, शिक्षण संपवून तू दुसरीकडे गेला असशील, नवा पत्ता ठेवला नाहीस. पाकीट कोणी फोडलेलंसुद्धा नव्हतं. नवसा रामकुंडावर 'त्याला कळलं' म्हणाली तेव्हा पत्र परतीच्या वाटेवर होतं. नाना तेवढ्यासाठी थांबले होते की नाही, ते मी आता कोणाला विचारू? देवरामने विचारलं, "आजी, फोडू का?" मी हो म्हटलं. खालची तिची ओळ त्याने वाचली. इतक्या वर्षांनी लिहायला जागा दिली आणि बाईने पाट्यांचं लिहिलं.

तर हे पत्र कुठे पाठवायचं, मला माहीत नाही. देवराम म्हणतो, पत्त्याशिवाय नेता येत नाही. मी म्हटलं, बस, चहा घे, सरकारचं काही बुडत नाही. लिहून घेते आहे कारण नवसाला सवय झाली आहे. पेन घेऊन ती ओट्यावर येऊन बसते. मी काही सांगितलं नाही तर तशीच बसून राहते.

शेवटचं सांगते. विहिरीजवळ तुझ्या जागेवर हरळी आली आहे. कोणी लावली नाही. मुळं खाली राहिली असतील, किंवा बांधावरून चालत आली असेल, तिला कोण बोलावतं? कुसाबाई खुरपं घेऊन आली तर नवसाने तिला परत पाठवलं. काल तिने पेटीतून तुझ्या पाट्या काढल्या आणि एकेक करून त्यात खोचत बसली. मी ओट्यावरून विचारलं, "कुठली कुठं होती, ठाव हाय का तुला?" ती म्हणाली, "नाही, आत्याबाई." तरी खोचत राहिली.

मी काठी टेकत जाऊन बघून आले. हिरवीगार आहे. तुझी कुठली आणि रानातली कुठली, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही.

तुझी आजी, तानुबाई